पाहिजे आहेत

मराठी भाषेत 'पाहिजे' या शब्दाइतका केविलवाणा शब्द दुसरा नसेल. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती काढून बघा. 'जागा पाहिजे' म्हणणाऱ्याला जागा मिळत नाही. 'वधू पाहिजे' म्हणणाऱ्याचं वय दर जाहिरातीला एकेक वर्षाने कमी होत जातं. 'अनुभवी टायपिस्ट पाहिजे' म्हणणाऱ्याला अनुभव पाहिजे असतो, पगार द्यायचा नसतो. आणि 'घरकामास बाई पाहिजे' ही तर जाहिरात नव्हेच, तो हंबरडा आहे. तुमच्याआमच्यासारखा माणूस जन्मभर या शब्दाच्या मागे उभा राहून काही ना काही मागत असतो. आपण स्वतः कुणाला पाहिजे आहोत, असं भाग्य त्याच्या वाट्याला येत नाही. घरातसुद्धा तो महिन्याच्या एक तारखेला पाहिजे असतो आणि गॅसचं सिलिंडर उचलायचं असलं की पाहिजे असतो.

मनापासून, तळमळून, खर्च करून सरकारला जी माणसं पाहिजे असतात, त्यांचे फोटो पोलीस ठाण्याच्या फळ्यावर लावलेले असतात. वर ठळक अक्षरांत 'पाहिजे आहेत'. कधी खाली बक्षिसाची रक्कम. ती वाचून, आपल्याला हुडकून आणायला कोणी किती देईल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. मी तो विचार घरात बोलून दाखवत नाही. उत्तराची खात्री असते.

या फळ्यावरच्या वर्णनांचा एक गुण असा, की ती कुणालाही लागू पडतात. 'वय अंदाजे पंचेचाळीस, उंची पाच फूट पाच इंच, रंग सावळा, बांधा मध्यम, मराठी व हिंदी बोलतो.' एकदा अशी एक सूचना मी पेपरातून मोठ्याने वाचली तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हे तर तुमचंच!"

"काहीतरीच काय!" मी म्हणालो.

"बांधा सोडून सगळं जुळतंय," ती म्हणाली.

थट्टा बाजूला ठेवू. पळालेला माणूस, आपण त्याला फरारी म्हणतो, हा जितका पोलिसांचा विषय आहे तितकाच तो आपल्या मनाचाही आहे. खून करून, दरोडा घालून एखादा नाहीसा होतो. दहा वर्षं जातात, वीस जातात. त्याच्यामागे धावत राहायचं ते कशासाठी? आणि आपण, म्हणजे खुर्चीत बसून चहा पीत ही बातमी वाचणारे, नेमके कुणाच्या बाजूला असतो?

प्रामाणिकपणे सांगायचं तर आपण पळणाऱ्याच्या बाजूला असतो. आमचे नानामामा बघा. बसच्या कंडक्टरने चुकून आठ आणे जास्त दिले म्हणून पुढच्या स्टॉपवरून उलट चालत डेपोत जाणारा माणूस. पण रॉनी बिग्जचं नाव काढलं की त्यांचे डोळे लकाकायचे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात टपालाची रेल्वेगाडी अडवून टोळीने सव्वीस लाख पौंड पळवले, त्या टोळीतला हा बिग्ज. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. १९६५ साली दोराच्या शिडीवरून तुरुंगाची भिंत ओलांडून तो पळाला. पॅरिसमध्ये चेहरा बदलून घेतला, ऑस्ट्रेलियात राहिला, तिथून ब्राझील गाठलं. १९७४ मध्ये स्कॉटलंड यार्डचे जॅक स्लिपर त्याला धरायला रिओला पोचले, तर बिग्जच्या मैत्रिणीला दिवस गेलेले! ब्राझीलचा कायदा असा, की तिथल्या मुलाच्या बापाला देशाबाहेर घालवता येत नाही. स्लिपरसाहेब हात हलवत परतले. विमानात शेजारची खुर्ची रिकामी आणि साहेब झोपलेले, असा त्यांचा फोटो छापून आला. इकडे बिग्ज रिओत पर्यटकांना टी-शर्ट विकत मजेत राहिला. "पठ्ठ्याने स्कॉटलंड यार्डला पाणी पाजलं!" असं म्हणून नानामामा मांडीवर थाप मारत. जणू तीस वर्षं त्या रिओच्या किनाऱ्यावर स्वतः नानामामाच लोळत होते.

"मामा, त्या गाडीच्या इंजिन ड्रायव्हरचं नाव काय होतं हो?" मी एकदा विचारलं.

मामांना स्लिपर ठाऊक होते, ब्राझीलचा कायदा ठाऊक होता. ड्रायव्हर ठाऊक नव्हता.

त्याचं नाव जॅक मिल्स. टोळीने त्याच्या डोक्यात लोखंडी दांडक्याने मारलं. आता यात बिग्जचा वाटा किती, तर बदली ड्रायव्हर आणायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने एक निवृत्त ड्रायव्हर आणलाही, पण त्या गृहस्थाला ते इंजिन चालवता येईना. म्हणजे सोपवलेलं एवढं एक काम, तेही याने धड केलं नाही. त्यामुळे रक्तबंबाळ मिल्सलाच उठवून गाडी पुढे न्यायला लावली. मिल्स १९७० साली वारला. वारला तो ल्युकेमियाने, हेही सांगितलं पाहिजे, पण त्या रात्रीच्या धक्क्यातून तो पुरता सावरला असं कुणी म्हणत नाही. त्याने कुणाला पाणी पाजलं नव्हतं. तो रात्रपाळीला कामावर गेला होता. बिग्ज २००१ साली आजारी होऊन आपल्या पायांनी इंग्लंडात परतला, तेव्हा त्याच्यासाठी खास विमान होतं, मागे बातमीदारांचा ताफा होता. मिल्सला जाऊन तोवर एकतीस वर्षं झाली होती.

इतक्या लांब कशाला, आपल्या गोव्याचंच घ्या. चार्ल्स शोभराज १९८६ च्या १६ मार्चला दिल्लीच्या तिहार तुरुंगातून निसटला. वाढदिवसाच्या निमित्ताने त्याने पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारली. फुकटची मिठाई समोर आली की आपला सरकारी नोकर वाढदिवसाचा दाखला मागत नाही, हे मर्म त्या परदेशी माणसाने ओळखलं होतं. मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी १९७१ मध्ये त्याला एकदा पकडलं होतं, त्यामुळे चेहरा त्यांच्या ओळखीचा. त्यांनी माग काढत पर्वरीचं 'ओ कोकेरो' हॉटेल गाठलं आणि ६ एप्रिलला शोभराजला तिथे धरलं. गंमत अशी, की शोभराजचा खरा वाढदिवस ६ एप्रिलचाच. मिठाई तेवढी आधी वाटून झाली होती.

आता पुढचं ऐका. त्या हॉटेलात नंतर एक पुतळा बसवला गेला. झेंड्यांचा असेल असं तुम्हाला वाटलं ना? शोभराजचा! लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेत. झेंड्यांवर चित्रपट निघाला तो २०२५ साली, म्हणजे तब्बल एकोणचाळीस वर्षांनी. आपल्याकडे नोकरी इमानाने केल्याबद्दल फार तर निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल मिळते. पुतळा हवा असेल तर वेगळी लाइन धरावी लागते.

शोभराज पळाला कशाला, याचं कारण पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. थायलंडमध्ये त्याच्यावर खुनाचे आरोप होते, आणि तिथल्या वॉरंटला वीस वर्षांची मुदत होती. पळून पुन्हा सापडलं की भारतात शिक्षा वाढेल आणि इथल्या तुरुंगात सुखाने बसून ती मुदत टळेल, असा हिशेब. तो १९९७ मध्ये सुटला, तेव्हा मुदत उलटून गेली होती. म्हणजे दूध नासतं, औषध बाद होतं, तसा खूनही एका ठराविक तारखेला बाद होतो की काय! आपल्याकडचा कायदा या बाबतीत जरा चिवट आहे. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला आपण मुदत ठेवलेली नाही. फरारी माणसाच्या नावे जाहीरनामा काढायचा, तो त्याच्या गावात मोठ्याने वाचायचा, घराच्या दारावर डकवायचा आणि हजर व्हायला किमान तीस दिवस द्यायचे, अशी रीत आहे. तीस दिवसांत कोण हजर होतो ते सोडा, पण कोरं पान मिळत नाही, एवढं त्यातून सरकार कळवतं.

शोभराजच्या गोष्टीतला मला आवडलेला माणूस झेंड्यांखेरीज आणखी एक आहे. हर्मन निपनबर्ग. बँकॉकच्या डच वकिलातीतला तरुण अधिकारी. पोलीस नव्हे, शिपाई नव्हे, फायली सरकवणारा तुमच्याआमच्यातलाच. दोन डच प्रवासी मारले गेले, त्यांची चौकशी त्याच्याकडे आली आणि त्याने ती सोडलीच नाही. गोळा केलेले कागद वर्षानुवर्षं सांभाळून ठेवले. २००३ मध्ये शोभराज काठमांडूत सापडला आणि १९७५ मधल्या खुनासाठी पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. तो २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुटला, पण मधली एकोणीस वर्षं आतच होता. हे वाचल्यापासून आमच्या घरात माळ्यावरचे जुने कागद काढण्याचा विषय निघाला की मी निपनबर्गचं नाव सांगतो. "त्याचे कागद खुनाचे होते. तुमची विजेची बिलं आहेत," असा युक्तिवाद पलीकडून होतो.

इथे एक प्रामाणिक शंका येते. समजा, माणूस पळाला आणि पळाल्यानंतर चांगला वागला. नुसता चांगला नव्हे, आदर्श. मग?

अमेरिकेतला जॉन लिस्ट हा हिशेबनीस. चर्चला नेमाने जाणारा, नाकासमोर चालणारा. नोकरी गेलेली, कर्ज वाढलेलं, पण घरी सांगायची लाज. १९७१ च्या ९ नोव्हेंबरला त्याने आई, बायको आणि तीन मुलं, पाचही जणांना गोळ्या घातल्या. मग हिशेबनिसाच्या टापटिपीने दूध बंद केलं, पेपर बंद केला, मुलं गावाला जाणार आहेत असं शाळेत कळवलं, घरातले दिवे चालू ठेवले आणि निघून गेला. जवळजवळ महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. तो डेन्व्हरला गेला, नाव बदललं आणि पुन्हा हिशेबनीस झाला! इतक्या मोठ्या जगात नवा जन्म मिळाला, तर या गृहस्थाने पुन्हा जमाखर्चच लिहायला घेतला. चर्च धरलं, दुसरं लग्न केलं, गवत वेळेवर कापलं. अठरा वर्षं.

१९८९ च्या मे महिन्यात दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात त्याची हकीगत दाखवली. फ्रँक बेंडर नावाच्या शिल्पकाराने, आता तो कसा दिसत असेल याच्या अंदाजाने मातीचा मुखवटा घडवला होता. टक्कल वाढवलं, गाल ओघळवले आणि जाड काड्यांचा चष्मा दिला. असा माणूस चष्मासुद्धा असाच निवडणार, हा त्याचा तर्क. आणि खरा लिस्ट अगदी तसाच चष्मा लावून फिरत होता! त्याच्या एका जुन्या शेजारणीच्या घरून फोन गेला आणि १ जूनला तो सापडला. त्या कार्यक्रमाचा निवेदक जॉन वॉल्श हाही हौशी माणूस नव्हता. १९८१ मध्ये त्याचा स्वतःचा सहा वर्षांचा मुलगा पळवून मारला गेला होता.

लिस्टची गोष्ट वाचली आणि काही दिवस माझी मोठीच पंचाईत झाली. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मेंटेनन्स एक तारखेला भरतात. पाणी आलं नाही तर ओरडत नाहीत. वार्षिक सभेला येतात, पूर्ण वेळ बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. चष्मा जाड काड्यांचा! मी हिला म्हणालो, "इतका सज्जन माणूस सोसायटीत राहतो म्हणजे काहीतरी गडबड असली पाहिजे." त्यावर ती म्हणाली, की वरचेही तुमच्याबद्दल हेच म्हणत असतील. गेली वीस वर्षं तुम्हीही सभेत तोंड उघडलेलं नाही.

बोलणं हसण्यावारी गेलं, पण सल राहिला. लिस्टचा चांगुलपणा आणि माझा चांगुलपणा शेजारी ठेवले तर बाहेरून फरक काय? त्यानेही बिलं भरली, मीही भरतो. तो पकडला जाईन म्हणून नीट वागत होता. मी तरी पुष्कळदा कशाला भिऊन वागतो? तिकीट तपासनीस, इन्कम टॅक्स, शेजारी काय म्हणतील! मग अठरा वर्षांचं चांगलं वागणं त्याच्या खात्यावर जमा का करू नये?

बरेच दिवस विचार केल्यावर मला उत्तर सापडलं ते हिशेबाच्याच भाषेत. लिस्टने सगळ्यांची देणी वेळेवर दिली. दूधवाल्याचं दिलं, चर्चचं दिलं, नव्या बायकोचं दिलं. फक्त ज्या पाच जणांचं देणं होतं त्यांचं दिलं नाही. एकाचं बुडवून दुसऱ्याचं वेळेवर फेडलं, तर पहिल्याचं कर्ज फिटत नाही. आणि 'जाऊ द्या हो, आता झाली की अठरा वर्षं' असं म्हणणारे आपण कोण? ते पैसे आपले नव्हतेच. माफ करायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा, आणि तो तर बोलायला उरलेला नाही. आपण ज्याला मोठ्या मनाने क्षमा म्हणतो, ती पुष्कळदा नुसती विसरण्याची सोय असते. फाइल उघडी ठेवणारा इन्स्पेक्टर, माळ्यावर कागद जपणारा वकिलातीतला कारकून, फोन उचलणारी शेजारीण, ही माणसं त्या न बोलणाऱ्याच्या वतीने उभी असतात. मेलेल्याला स्वतःला अर्ज करता येत नाही. आपल्या देशात तर जिवंत माणसाच्या अर्जालाही तीन प्रती आणि ओळखीचा माणूस लागतो.

असं सगळं पटलं, तरी एक गाठ सुटत नाही. फोन करणारी शेजारीण एक वेळ ठीक. तो माणूस आपल्या घरातलाच निघाला तर?

अमेरिकेत एक माणूस १९७८ पासून टपालाने आणि इतर मार्गांनी बॉम्ब पेरत होता. तिघं मेले, तेवीस जखमी झाले. सतरा वर्षं पोलिसांना पत्ता लागला नाही. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा पस्तीस हजार शब्दांचा लेख, छापला नाही तर आणखी माणसं मारीन या धमकीवरून, 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापला. तो वाचून डेव्हिड काझिन्स्की या गृहस्थाला घाम फुटला. शंका आधी आली होती त्याच्या बायकोला. (धाकट्या वहिनीला दिराबद्दल जे कळतं ते सख्ख्या भावाला कळत नाही, हे अमेरिकेतही तसंच आहे म्हणायचं.) लेखातले शब्द, वाक्यांची वळणं, सगळी थोरल्या भावाच्या पत्रांतली. घरचं माणूस अक्षराविनासुद्धा ओळखू येतं.

या डेव्हिडने काय करावं? गप्प बसला आणि पुढचा बॉम्ब फुटला तर मेलेल्याचं रक्त त्याच्या हातावर. बोलला तर भाऊ फाशी जाण्याची भीती. तो बोलला. १९९६ च्या एप्रिलमध्ये माँटानातल्या रानातल्या एका खोपटात थिओडोर सापडला. मग हाच भाऊ त्याला फाशी होऊ नये म्हणून झगडला. जन्मठेपेवर निभावलं. दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, त्यातलं खर्च आणि कर वजा जाता पुष्कळसं त्याने बॉम्बने ज्यांची घरं उद्ध्वस्त केली त्यांना देऊन टाकलं. तुरुंगातल्या भावाला तो पत्रं लिहीत राहिला. उत्तर कधी आलं नाही. २०२३ साली थोरला भाऊ गेला.

त्याने बरोबर केलं, असं मी लगेच म्हणतो. पण माझ्या थोरल्या भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, की 'बरोबर' हा शब्द घशात अडकतो. लहानपणी तापात असताना त्याने मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं.

कायद्यालाही ही अडचण कळलेली दिसते. आरोपीला आसरा देणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत कलम २१२ होतं, २०२४ पासून न्याय संहितेत २४९ आहे. पण त्याला एक अपवाद ठेवलाय. आसरा देणारा आरोपीचा नवरा किंवा बायको असेल तर गुन्हा नाही. भाऊ नाही, बाप नाही, मित्र नाही. फक्त नवराबायको. एवढ्या कोरड्या पुस्तकात ही एकच ओली ओळ मला सापडली. म्हणून मी ती हिला वाचून दाखवली आणि विचारलं, "मी काही भयंकर करून आलो तर लपवशील?"

ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लपवीन की. तुम्हाला दुसरं कोण आहे? पण आधी ज्याचं वाईट केलंत त्याच्या घरी जाऊन येईन. तिथली बाई काय करतेय, पोरं जेवली का, ते बघून येईन. आणि घरी परत आल्यावर मग लपवायचं की नाही ते सांगेन."

एवढं बोलून तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. कायद्याने दिलेल्या या सवलतीचा आमच्या घरात काही उपयोग होईल असं दिसत नाही. तेव्हा सरळ वागणं भाग आहे.